सगळ्यांना एकाच पोत्यात घालू नका (साठच्या दशकातली अमेरिका)

उंटावरची शहाणी

परवा पंतोजींनी एक टिपण टाकलं होतं. ज्यांच्या नजरेतून सुटलं त्यांच्यासाठी त्याचा अर्क: साठच्या दशकात अमेरिकेत जे काही झालं ते खात्यापित्या घरच्या पोरांचं गॅदरिंग होतं. त्यांनी गांजा ओढला, केस वाढवले, बायकांनी अंतर्वस्त्रं जाळली, युद्ध काही थांबलं नाही, आणि उरलासुरला कचरा आपल्या गोव्याच्या किनाऱ्याला लागला. खाली वाहवा करणारे पस्तीस. मी तिथेच दोन ओळी खरडायला बसले, त्याचं हे एवढं झालं. वेगळा धागा काढतेय, रागावू नका. रागावलात तरी चालेल.

पंतोजी, तुम्ही चार वेगळ्या लग्नांतले फोटो एकाच अल्बममध्ये चिकटवलेत.

१ फेब्रुवारी १९६०, नॉर्थ कॅरोलिनातलं ग्रीन्सबरो. वूलवर्थच्या दुकानात काळ्यांना वही, टूथपेस्ट विकत मिळायची, पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसायची बंदी. कॉलेजातली चार काळी मुलं गेली, बसली, कॉफी मागितली. मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आली, आठवड्याभरात शेकडो. जुलैच्या शेवटी दुकानाने नमतं घेतलं. त्या मुलांचे फोटो बघा. आपल्याकडे मुलगी बघायला जाताना घालतात तसले कपडे. कुठे आहेत केस? कुठे आहे गांजा?

कॅलिफोर्नियातलं बर्कली, १ ऑक्टोबर १९६४. विद्यापीठाच्या आवारात टेबल मांडून नागरी हक्कांचा प्रचार करणाऱ्या एकाला पोलिसांनी गाडीत घातलं. मुलं त्या गाडीभोवती बसली ती ३२ तास. भाषणं त्याच गाडीच्या टपावरून झाली, आणि मारियो सॅव्हिओ टपावर चढण्याआधी बूट काढून चढला! हे तुमचे अराजक माजवणारे. हाच सॅव्हिओ त्या उन्हाळ्यात मिसिसिपीत काळ्यांची मतदार नोंदणी करून आला होता, जिथे त्याच कामासाठी गेलेल्या तिघांना जूनमध्ये मारून मातीच्या बांधात पुरलं होतं.

हेट-अ‍ॅशबरीचा, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोतल्या हिप्पींच्या वस्तीचा, तो फुलांचा उन्हाळा १९६७चा. नागरी हक्क कायदा १९६४चा, मतदान हक्क कायदा १९६५चा. दोन्ही झाल्यावर केसांत फुलं आली. म्हणून म्हणते, फुलवाल्यांना फुकटचं श्रेय देऊ नका आणि त्यांची पापं दुसऱ्यांच्या खात्यावर मांडू नका. त्याच ऑक्टोबरात खुद्द तिथल्याच मंडळींनी येणाऱ्या गर्दीला कंटाळून 'हिप्पी वारला' म्हणून शवपेटी खांद्यावर घेऊन अंत्ययात्रा काढली होती. त्यांना तेव्हा कळलं ते आपल्याला अजून कळत नाही.

दोन्ही गर्दी कधी एक झाल्याच नाहीत असं नाही. २१ ऑक्टोबर १९६७ला मंत्र म्हणून पेंटॅगॉनची, म्हणजे संरक्षण खात्याची, इमारत हवेत उचलायचा कार्यक्रम होता. उचलली गेली नाही, हे सांगायला नको. पण त्याच दिवशी लिंकन स्मारकापाशी लाखभर माणूस जमला होता, आणि त्यातली बहुतेक चारचौघांसारखी होती. फोटो मात्र मंत्रवाल्यांचेच छापून आले. आणि तुम्ही ते फोटो बघून इतिहास लिहिलात.

कांदेपोहे

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पंतोजी झोपेतून उठायचेत अजून.

पंतोजी

उठलोय. चहाही झालाय.

ताई, ग्रीन्सबरोच्या पोरांना माझा साष्टांग नमस्कार. ते माझ्या टिपणात नव्हतेच. तुम्ही त्यांना आणून माझ्यासमोर उभं केलंत आणि आता विचारताय, यांना मारणार का? नाही बुवा मारणार. माझा रोख विद्यापीठातल्या युद्धविरोधी पोरांवर होता आणि आहे.

त्यांचा हिशोब मांडू. एप्रिल १९६५मध्ये त्यांचा वॉशिंग्टनला पहिला मोठा मोर्चा निघाला, वीसेक हजारांचा. त्या वर्षाअखेर व्हिएतनाममध्ये अमेरिकेची फौज होती १,८४,००० च्या आसपास. मग मोर्चे वाढत गेले, आणि १९६९च्या एप्रिलमध्ये फौज होती ५,४३,०००. मोर्चा जितका मोठा तितकी फौज मोठी! १९६८च्या ऑगस्टमध्ये शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाबाहेर धुमाकूळ घातला, नोव्हेंबरात निक्सन निवडून आला. १९७२ला तोच निक्सन ५० पैकी ४९ राज्यं घेऊन परत आला. मे १९७०मध्ये ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या राखीव सैनिकांनी चार विद्यार्थी मारले, तेव्हाच्या गॅलप पाहणीत ५८ टक्के लोकांनी दोष दिला विद्यार्थ्यांना. गार्डला दोष देणारे ११ टक्के. चारच दिवसांनी न्यूयॉर्कात बांधकामावरच्या कामगारांनी या पोरांना रस्त्यात बडवलं. ज्यांच्यासाठी क्रांती करायची तेच हेल्मेट घालून अंगावर आले.

का आले? कारण कॉलेजात नाव असलं की लष्करभरतीतून सूट मिळायची. प्लंबरच्या पोराने भाताच्या चिखलात मरायचं आणि डॉक्टरच्या पोराने गिटार घेऊन शांतता मागायची. १ डिसेंबर १९६९ला जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढून लॉटरी सुरू झाली, फौज घटत गेली, १९७३ला सक्तीची भरतीच बंद झाली. आणि मोर्चे? विरले. तत्त्व असतं तर विरले असते का?

गोव्याबद्दल मी ऐकीव लिहीत नाही. १९७४ साली मी तिथे एका बँकेच्या शाखेत कारकून होतो, वय बावीस. ही मंडळी अनवाणी यायची, प्रवासी धनादेश वटवायला. माझ्याच वयाची. पैसे संपले की काही जण शाखेच्या पत्त्यावर घरून पत्रं मागवायचे. एका पोराच्या आईची पत्रं यायची, निळ्या शाईतली, दर पंधरवड्याला. तो आधी स्वतः यायचा, मग मित्राला पाठवायचा, मग कोणीच येईना. पत्रं येतच राहिली. माझ्या ड्रॉवरमध्ये सात जमली होती. तुमची चळवळ म्हटली की मला ती सात पत्रं आठवतात. आता द्या आकडेवारी.

उंटावरची शहाणी

पंतोजी, पत्रांवर मी काय बोलणार. वाईट वाटलं, खरंच.

पण पत्रं बाजूला ठेवली तर उरलेल्या हिशोबात गोम आहे. निक्सनने १९६९च्या उन्हाळ्यात हनोईला, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या सरकारला, १ नोव्हेंबरची मुदत दिली होती, नाहीतर मोठा तडाखा. १५ ऑक्टोबरला देशभर लाखो लोक कामधंदा सोडून रस्त्यावर आले. गावागावांतल्या चर्चमधले, शाळामास्तर, गृहिणी. तो तडाखा गुंडाळून ठेवावा लागला, आणि या निदर्शनांनी आपल्या धमकीतली हवा काढली अशी तक्रार निक्सनने स्वतःच पुढे केली. झालेल्या लढाया मोजता येतात. न झालेली कुठल्या तक्त्यात दाखवू?

सूट अन्याय्य होती हे मान्य. किंबहुना त्याहून वाईट होतं. १९६६पासून संरक्षणमंत्री मॅकनमाराने भरतीच्या परीक्षेतली पात्रता खाली आणली आणि आधी नापास ठरलेली साडेतीन लाखांच्या घरातली पोरं लष्करात घेतली. पण ही व्यवस्था विद्यार्थ्यांनी केली नव्हती. आणि 'जीव वाचवायला मोर्चे काढले' हा आरोप तुम्ही ज्या सुरात करता त्याचं मला नवल वाटतं. जीव वाचवणं ही लाजेची गोष्ट कधीपासून झाली? एप्रिल १९७१मध्ये संसदेच्या पायऱ्यांवर आपली पदकं फेकणारे तर लढून आलेले होते ना? ते कुठल्या सुटीत बसले होते?

ताईमाईअक्का

मला युद्धातलं काही कळत नाही, पण अंतर्वस्त्रांचं कळतं. पंतोजी, जाळली नव्हती. ७ सप्टेंबर १९६८, अटलांटिक सिटी, मिस अमेरिका स्पर्धेबाहेर बायकांनी एक कचऱ्याचा डबा ठेवला आणि त्यात उंच टाचांचे बूट, पोछे, कंबरपट्टे, खोट्या पापण्या, ब्रेसियर टाकल्या. पेटवलं काही नाही. बातमीत कोणीतरी भरती-कार्डं जाळण्याशी त्याची जोडी लावली आणि तेव्हापासून जगातला प्रत्येक काका तेच सांगतोय.

आणि शहाणीताई, तुमच्या त्या बूट काढणाऱ्या वीरांच्या कचेऱ्यांत पत्रकं टाइप कोण करत होतं? कॉफी कोण करत होतं? सभेत बायकांचा विषय काढला की हशा पिकायचा. त्यातूनच त्यांची वेगळी चळवळ उभी राहिली. मी पंचवीस वर्षं एका ट्रस्टमध्ये काम केलंय जिथे स्त्रीमुक्तीवरच्या व्याख्यानानंतर कप विसळायला आम्हीच असायचो. तेव्हा जरा बेतानं गोडवे गा.

उंटावरची शहाणी

अक्का, शंभर टक्के. गोडवे मागे घेते, बूट राहू द्या.

हडसनकाठचा

न्यू जर्सीतून. भारतात बसून अमेरिकेवर लिहिणाऱ्यांची गंमत वाटते. इथे राहून बघा. माझ्या शेजारी एक ७६ वर्षांचे गृहस्थ आहेत, व्हिएतनामला जाऊन आलेले. गुडघ्यात अजून लोखंड आहे. ते विमानतळावर उतरले तेव्हा एका मुलीने त्यांच्या अंगावर थुंकून 'बालहत्यारा' म्हटलं. मला त्यांनी स्वतः सांगितलं, दिवाळीच्या फराळाला आले होते तेव्हा. ही तुमची शांतता चळवळ. पंतोजींना पूर्ण पाठिंबा. ज्या देशाने सगळं दिलं त्या देशाचा झेंडा जाळणारी पिढी ती, आणि आज विद्यापीठांत तिचीच नातवंडं बसली आहेत.

उंटावरची शहाणी

थुंकण्याच्या गोष्टीचा एका समाजशास्त्रज्ञाने माग काढला होता, जो स्वतः व्हिएतनामला जाऊन आलेला होता. त्या काळातल्या वर्तमानपत्रांत, पोलीस नोंदींत भरवशाचा पुरावा सापडला नाही. या कथा बहुतेक पुढे ऐंशीच्या सुमारास पसरल्या. शिवाय परतणारे बरेच सैनिक लष्करी तळांवर उतरायचे.

हडसनकाठचा

म्हणजे माझा शेजारी खोटं बोलतो?

उंटावरची शहाणी

असं मी म्हटलेलं नाही. आठवणी

हडसनकाठचा

तेच म्हटलंय. गुडघ्यात लोखंड असलेला माणूस खोटारडा आणि कुठल्यातरी प्राध्यापकाला वर्तमानपत्रात सापडलं नाही म्हणून तो खरा. कोथरूडच्या बाल्कनीतून युद्धाचे निकाल देणं सोपं असतं, बाई.

उंटावरची शहाणी

कोथरूड नाही, कऱ्हाड. बाल्कनीही नाही. आणि 'बाई' हा सूर इथे नको. वाक्य अर्धं राहिलं कारण दारावर गॅसवाला आला होता. म्हणायचं होतं की आठवणीत दुसऱ्यांकडून ऐकलेलं मिसळतं, माझ्याही मिसळतं. तुमच्या शेजाऱ्यांना घरी आल्यावर कोणी विचारलं नाही, हे मात्र नक्की खरं असणार. त्याचा दोष एका थुंकणाऱ्या मुलीवर टाकला की ज्या सरकारने पाठवलं ते सुटतं.

बोरूबहाद्दर

हडसनराव, तुम्ही न्यू जर्सीत कसे पोचलात हो? विमानाने, ते माहिती आहे. कायद्याने कसे?

१९४६पर्यंत आपल्याला तिथे नागरिकत्वच मिळत नव्हतं. १९२३मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही. १९४६ला दार किलकिलं केलं, कोटा किती? अख्ख्या हिंदुस्थानातून वर्षाला १००. माझ्या सोसायटीतून त्याच्या निम्मे गेलेत. मग ३ ऑक्टोबर १९६५ला स्वातंत्र्यदेवतेच्या पायथ्याशी राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली आणि देशांच्या जातीवरून ठरणारा तो कोटा गेला. का गेला? ग्रीन्सबरोपासून अलाबामातल्या सेल्मापर्यंत काळ्या लोकांनी डोकी फोडून घेतली, १९६४ आणि १९६५मध्ये 'वंशावरून भेद नाही' असे कायदे करून बसले, मग सीमेवर तोच भेद चालवायला तोंड राहिलं नाही. त्यांच्या डोक्यावर पाय देऊन तुम्ही आत गेलात आणि आता आतून दार लावून म्हणताय की आंदोलनं करणारे देशद्रोही.

हडसनकाठचा

अर्धवट वाचून ज्ञान पाजळू नका. तो कायदा हिप्पींनी केला का? शीतयुद्धात आशिया-आफ्रिकेपुढे अमेरिकेची छी-थू होत होती म्हणून केला. शिवाय जॉन्सन त्याच दिवशी म्हणाला होता की हा काही क्रांतिकारक कायदा नाही. ओहायोचा फायघन नावाचा खासदार होता, त्याने कौशल्यापेक्षा नातेवाइकांना झुकतं माप द्यायला लावलं, हेतू हा की गोरेच आपल्या गोऱ्या नातेवाइकांना बोलावतील. डाव उलटला एवढंच.

आणि आता माझं ऐका. ज्या कायद्याचे तुम्ही पोवाडे गाताय त्याच कायद्यात पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला २०,००० ची एकसारखी मर्यादा होती. आज ती वर्षाच्या एकूण ग्रीन कार्डांच्या सात टक्के आहे. आइसलंडला सात, आपल्याला सात. मी २००९ला आलो. ग्रीन कार्डच्या रांगेतली माझी तारीख २०१४ची. अजून उभा आहे. कंपनी बदलायची तर कागद पुन्हा. साहेबाने नको ते काम सांगितलं तर मान खाली. बाप गेला तेव्हा व्हिसाच्या शिक्क्याची मुलाखत मिळेना म्हणून मी गेलो नाही. परत येता आलं नसतं. मुलगी चार वर्षांची असताना आणली, पुढच्या वर्षी एकवीस पूर्ण. एकवीस झाले की ती माझ्या अर्जातून बाहेर. तिला मराठी वाचता येत नाही, आणि तिने कुठे जायचं म्हणता? हा तुमचा सामाजिक न्याय.

कांदेपोहे

धागा कुठून कुठे गेला. हेट-अ‍ॅशबरी राहिलं बाजूला. पॉपकॉर्न ठेवला खाली.

बोरूबहाद्दर

मुलीचं ऐकून वाईट वाटलं. पण मग मोर्चा काढा की! की मोर्चा काढणारे सगळे गांजेकस?

हडसनकाठचा

व्हिसावरच्या माणसाने मोर्चा काढायचा? अक्कल आहे का? एक अटक झाली की गाशा गुंडाळा.

बोरूबहाद्दर

काढला होता तुमच्याच लोकांनी. जुलै २००७. आधी सांगितलं ग्रीन कार्डचे अर्ज घेऊ, लोकांनी वैद्यकीय तपासण्या करून, वकिलांना पैसे मोजून कागद पाठवले, आणि ऐन वेळी सांगितलं घेणार नाही. तेव्हा आपल्या पोरांनी काय केलं? इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखाला शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. गांधीगिरी. त्याने ती फुलं जखमी सैनिकांच्या इस्पितळात पाठवून दिली. कॅलिफोर्नियात रस्त्यावर मोर्चाही निघाला. आणि आठवड्याभरात, १७ जुलैला, खात्याने माघार घेतली.

बंदुकीपुढे फूल धरणारी पोरं तुम्हाला बावळट वाटतात ना? तेच फूल, चाळीस वर्षांनी, एच-वन व्हिसावाल्यांच्या हातात.

हडसनकाठचा

माहिती आहे. माझ्या टीम लीडने पाठवलं होतं. त्याला कार्ड मिळालं, नंतर नागरिकत्व मिळालं, आता तो सांगतो की रांग लांब आहे हे बरंच आहे, नाहीतर कोणीही येईल. तुमच्या फुलाचं फळ.

बाकी... ते एक आंदोलन चाललं. ठीक आहे. एक.

संपादक

'अक्कल', 'बाई', 'बावळट' हे तिन्ही शब्द नोंदवले आहेत. पुढचा शब्द आला की धागा वाचनमात्र.

निळी शाई

सकाळपासून वाचतोय. ऐंशी प्रतिसाद झाले. हिप्पी झाले, ग्रीन कार्ड झालं, न्यू जर्सीच्या साहेबांचे शेजारी झाले. काळ्या माणसाचा उपयोग तुम्हा दोन्ही बाजूंना फक्त दाखला म्हणून. कॉफी मागितली की कौतुक. पुढे?

केंट स्टेट सगळ्यांना पाठ. त्यानंतर अकराच दिवसांनी मिसिसिपीत जॅक्सन स्टेट कॉलेजात पोलिसांनी वसतिगृहावर गोळ्या झाडल्या, दोन काळे तरुण मेले. त्याआधी फेब्रुवारी १९६८मध्ये साउथ कॅरोलिनातल्या ऑरेंजबर्गला असेच तीन. इथे कोणी नाव घेतलं? शहाणीताई, तुम्हीही नाही. ४ डिसेंबर १९६९, शिकागो, फ्रेड हॅम्प्टन, वय एकवीस, पहाटे पोलीस घरात घुसले आणि बिछान्यात मारलं. त्याची ब्लॅक पँथर ही संघटना शाळकरी मुलांना सकाळी फुकट नाश्ता घालत होती.

पंतोजी म्हणतात त्या दशकाने आपल्याला काय दिलं तर गोव्यातला कचरा. तुम्हाला हिप्पी पोचले असतील. आम्हाला पँथर पोचले. १९६६ला ओकलंडमध्ये ती संघटना झाली आणि १९७२ला मुंबईत दलित पँथर. नाव उगाच नव्हतं उचललं. आणि हे नातं साठच्या दशकाचंही नाही. बाबासाहेबांनी १९४६मध्येच अमेरिकेतले काळे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून विचारलं होतं की संयुक्त राष्ट्रांपुढे तुमच्या लोकांनी जो अर्ज केलाय त्याच्या प्रती मिळतील का. माझे वडील वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचे. १९७४च्या दंगलीत आमच्या जिन्यावर दगडांचा खच पडला होता. त्यांनी दोनच गोष्टी लपवून ठेवल्या, रेशन कार्ड आणि पँथरच्या पत्रकांचा गठ्ठा. गांजा आमच्याकडे कोणी आणला नव्हता. परवडला नसता.

उंटावरची शहाणी

बरोबर. जॅक्सन स्टेट मला माहिती होतं आणि तरीही हाताखालून आलं नाही. सबब सांगत नाही.

वऱ्हाडी ठेचा

काय राजेहो, एवढं भांडून राहिले अन् नागपूरचं नाव नाही कोणाच्या तोंडी? काहून?

जेम्स लॉसन. काळा माणूस, मेथडिस्ट पंथाचा. कोरियाच्या युद्धाच्या वक्ती भरतीले नाही म्हणाला, वर्षभर तुरुंगात बसला. सुटल्यावर कुठं आला? आमच्या नागपूरले! हिस्लॉप कॉलेजात. १९५३ ते १९५६. पोरांचे खेळ घ्यायचा अन् गांधीबाबाचा सत्याग्रह समजून घ्यायचा. अलाबामातल्या मॉन्टगोमेरीच्या बसवर काळ्यांचा बहिष्कार पडला हे त्यानं नागपूरच्या पेपरात वाचलं. परत गेला, मार्टिन ल्यूथर किंगची भेट झाली, किंग म्हणे दक्षिणेत ये, आत्ताच ये.

मंग नॅशव्हिलमधी त्यानं वर्ग लावले. कायचे? मार खायचे. पोरांनी खुर्चीवर बसायचं, दुसऱ्या पोरांनी शिव्या द्यायच्या, केस ओढायचे, खुर्चीवरून पाडायचं, अन् यांनी हात नाही उचलायचा. डायन नॅश, जॉन लुईस, चळवळीचे पुढचे पुढारी, सारे याच वर्गातले. पंतोजी म्हणते गॅदरिंग. बाप्पा, ही तालीम होती. लॉसनले त्याच्या विद्यापीठानं मार्च १९६०मधी काढून टाकलं. मे महिन्यात नॅशव्हिलची काउंटरं उघडली.

अन् निळी शाई भाऊ, तुमच्यासाठी. १९६८ला मेम्फिसमधी सफाई कामगारांनी संप केला. दोन कामगार कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेले होते. तेराशे माणसं, गळ्यात पाटी, 'मी माणूस आहे'. त्या संपाले किंगले बोलावलं कोणी? लॉसननं. तिथंच किंगले गोळी लागली.

मी हिस्लॉपले तीन वर्षं शिकलो. लॉसनचं नाव मले चाळिशीत समजलं.

निळी शाई

सफाई कामगारांचं माहिती होतं. नागपूरचं नव्हतं. धन्यवाद दादा. आमच्या घरून दर विजयादशमीला दीक्षाभूमीला जातात, १९५६पासून. म्हणजे तो माणूस ते शहर सोडून गेला त्याच वर्षापासून.

पंतोजी

हा लॉसन मला माहीत नव्हता. तालीम हा शब्द पटला. गॅदरिंग शब्द मागे घेतो, पण निम्म्यांपुरता. निम्मे कोण ते ताईंनी ठरवावं, त्यांच्याकडे अल्बम आहे. अंतर्वस्त्रांचंही मागे. अक्का, तुम्ही माझ्या बायकोला ओळखता का? तिने तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला.

पोत्यातून कोट-टायवाले, नागपूरवाले आणि नाश्तावाले बाहेर काढले. बाकीचे आतच राहू देत. माझा राग त्या वयाच्या कोणावर तरी आहे, आणि तो मोर्चात होता की नव्हता हे मला ठाऊक नाही, हे ही चर्चा वाचताना लक्षात आलं. तेवढंच. जास्त ताणू नका.

बोरूबहाद्दर

अभिनंदन, निम्मी क्रांती झाली.

पंतोजी

यासाठीच मी काही मान्य करत नसतो.

गोंयकार

पंतोजी, उशिरा आलो, दिवसभर बोटीवर होतो. मी हणजुणचा. १९७४ला आठ वर्षांचा होतो. आमच्या घरात दोन खोल्या त्यांना भाड्याने होत्या. ते उघडे फिरायचे म्हणून आजी खिडकीला पडदा लावायची आणि भाडं घ्यायला स्वतः जायची! आमचं कौल काढून पत्रा घातला तो त्या भाड्यातून. त्यांनी घाण केली हे खरं, मादक पदार्थ आणले हे खरं, नंतर आमच्याच गावातले दोघे त्यात गेले हेही खरं. पण आमच्या वाड्यावर लाडू नावाचा कुत्रा होता तो पण त्यांनीच आणलेला. कचरा म्हटलं की मला थोडं लागतं.

आमच्याकडे त्या पावसाळ्यात एक मुलगा तापाने आजारी होता, महिनाभर. आजीने पेज दिली. त्याला पत्रं यायची ती कुठून तरी आणायची असायची. मग त्याला कोणीतरी मुंबईला नेलं. तुमच्या त्या सात पत्रांवर नाव काय होतं?

पंतोजी

नाव लक्षात आहे. इथे लिहिणार नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

कांदेपोहे

शंभरावा माझा.